अभ्यासाला सोबत हवी

पावसाळा अर्धा सरला की आपल्या गावांतून एक दृश्य दरवर्षी पाहावयास मिळते. बारावीला उत्तम गुण मिळविलेला एखादा मुलगा, किंवा अलीकडे तितक्याच वेळा एखादी मुलगी, शहरातील इंजिनिअरिंग कॉलेजात जावयास निघते. आई लोणच्याची बरणी कपड्यांच्या घडीत जपून ठेवते, आजी कपाळावर क्रूसाची खूण करते, आणि वडील पतपेढीच्या कर्जाचे कागद पुन्हा एकदा तपासून खिशात घालतात. सगळी आळी एस. टी.पर्यंत पोचवावयास येते. या निरोपात केवढा आनंद आणि केवढी धास्ती असते, हे ज्या घरातून मूल गेले आहे त्यासच कळते.

पुढे पाच-सहा महिन्यांनी पहिल्या सत्राचा निकाल लागतो. गणितात नापास, मेकॅनिक्समध्ये नापास. घरी फोन येतो, तो दोन वाक्यांत संपतो. मग गावात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, शहराची हवा लागली. कोणी म्हणतो, मोबाईलने घात केला. कोणी अधिक शहाणपणाने म्हणतो की ते शिक्षण आपल्या पोरांच्या डोक्याला झेपणारे नव्हेच. मूल नाताळच्या सुट्टीत घरी येते ते मान खाली घालून; आणि कधी कधी सुट्टी संपली तरी परत जात नाही.

आमचा वाचकांस आज असा प्रश्न आहे की, या चर्चेत खरे किती? शाळेत पहिला येणारा मुलगा सहा महिन्यांत मंदबुद्धी कसा होतो? हाच प्रश्न दूर कॅलिफोर्नियात एका तरुण शिक्षकास पडला होता. त्याने उत्तर तर्काने न देता डोळ्यांनी पाहून शोधले, आणि त्याच वाटेने पुढे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांस हात देणारी केंद्रे उभी राहिली. त्यांपैकी एका केंद्राची, आणि ते ज्या विद्यालयात आहे त्याच्या एका माजी विद्यार्थ्याची, हकीकत आम्ही येथे सांगणार आहो.

शिक्षकाने काय पाहिले?

१९७० नंतरच्या दशकाची ही गोष्ट. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्रीझमन नावाचे तरुण गणितज्ञ होते. विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी कॅल्क्युलस हा गणिताचा विषय घ्यावा लागे, आणि तेथेच अनेकांची नौका फुटे. विशेषतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक त्या विषयात नापास होत किंवा अगदी काठावर राहत. ही मुले आपल्या शाळांतून गौरव मिळवून आलेली होती. प्राध्यापकांस कारण विचारले तर ठराविक उत्तरे मिळत: मुलांत जिद्द नाही, शाळेतला पाया कच्चा आहे, घरी गरिबी आहे, आईबापांस शिक्षणाची आस्था नाही.

ट्रीझमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले, आणि ते अभ्यास नेमका कसा करतात हे सुमारे अठरा महिने त्यांच्यासोबत राहून पाहिले. ग्रंथालयात, वसतिगृहाच्या खोलीत, घरी, जेथे मुले बसतील तेथे तेही जाऊन बसत. प्राध्यापकांची चारही उत्तरे या पाहणीत टिकली नाहीत. मुलांत जिद्द भरपूर होती. आईबापांची तळमळ तर पाहणाऱ्यास हेलावून सोडील अशी होती. चांगल्या शाळेतून, चांगले गुण घेऊन आलेली मुलेही त्याच दगडाला ठेचाळत होती.

फरक आढळला तो एका साध्या गोष्टीत. चिनी वंशाची मुले आधी एकेकटी बसून आठ-दहा तास उदाहरणे सोडवीत, आणि मग संध्याकाळी एकत्र जमत. कोणाचे उत्तर चुकले, का चुकले, हे एकमेकांस विचारीत. जुन्या प्रश्नपत्रिका एकमेकांस दाखवीत. एखादे उदाहरण कोणासच सुटले नाही, तर ते खरोखरच कठीण आहे हे सर्वांस कळे आणि कोणी स्वतःला दोष देत बसत नसे. दुसरी मुले आठवड्यास आठ तास नेमाने अभ्यास करीत, परंतु एकट्याने. दार लावून, मान खाली घालून. उत्तर चुकले तर आपलीच बुद्धी कमी, असा समज करून घेत. इतर कोणास विचारणे त्यांस कमीपणाचे वाटे. शिकवणीची सोय असूनही ती तिकडे फिरकत नसत. कारण ती मदत दुबळ्यांसाठी आहे, असे त्यांस वाटे.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. ही मुले एकटी का अभ्यास करीत? कारण एकट्याने अभ्यास करूनच ती तेथवर पोचली होती! त्यांच्या वस्तीत सोबतची मुले खेळत, भटकत. त्यांतून अंग काढून घेऊन ज्याने दिव्याखाली पुस्तक धरले तोच विद्यापीठाच्या दाराशी आला. ज्या गुणाने त्यास वर आणले, त्याच गुणाने पुढे त्याचा घात केला. आपल्या गावातील हुशार मुलाचे चित्र याहून निराळे आहे काय? तोही ओटीवर एकटाच वाचीत बसला होता. आपणच त्यास सांगितले होते की, पोरांच्या नादी लागू नकोस.

औषध कोणते?

१९७८ साली बर्कलीत गणिताच्या कार्यशाळा सुरू झाल्या. त्यांत ट्रीझमन यांनी एक मोठे शहाणपण दाखविले. "कच्च्या विद्यार्थ्यांचा वर्ग" अशी पाटी त्यांनी लाविली नाही. उलट, निवडक विद्यार्थ्यांस मानाने निमंत्रण दिले, आणि वर्गात असतात त्याहूनही कठीण उदाहरणे त्यांच्यापुढे ठेविली. चार-पाच जणांनी एका टेबलाशी बसावे, आधी स्वतः डोके चालवावे, मग एकमेकांस समजावून सांगावे. मार्गदर्शकाने उत्तर सांगू नये, फक्त योग्य प्रश्न विचारावा. या रीतीने शिकलेले विद्यार्थी नापासांच्या यादीतून बाहेर पडले. इतकेच नव्हे, तर वर्गाच्या बरोबरीने आणि पुष्कळदा त्याहून वरचे गुण मिळवू लागले. ट्रीझमन यांस १९९२ साली मॅकआर्थर फेलोशिपचा बहुमान मिळाला.

इंजिनिअरिंगच्या क्षेत्रात अशा प्रयत्नांस यापूर्वीच आरंभ झाला होता. १९७० साली ओकलंड शहरातील एका सरकारी शाळेत 'मेसा' नावाचा उपक्रम निघाला. गणित व विज्ञानात गती असलेल्या, परंतु मागे राहिलेल्या समाजांतील मुलांस इंजिनिअरिंगची वाट दाखविणे हा त्याचा हेतू. १९७३ साली नॉर्थरिज येथील सरकारी विद्यापीठात प्राध्यापक रेमंड लँडिस यांनी खास इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आधारकार्य उभे केले. प्रवेश देऊन भागत नाही, प्रवेश मिळालेल्यास शेवटपर्यंत पोचविणे हीही विद्यालयाचीच जबाबदारी आहे, हा विचार त्यांनी दृढ केला.

लॉस एंजेलिसचे केंद्र

या विचाराची एक पक्की शाखा लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८३ साली रुजली. तेथील अभियांत्रिकी विद्यालयात, गरीब वस्त्यांतून व मागे राहिलेल्या समाजांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी एक केंद्र निघाले. पुढे त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून 'सीड' असा शब्द झाला. त्याच उच्चाराचा इंग्रजी शब्द 'बी' या अर्थाचा आहे. योगायोग खरा, पण शोभणारा.

या केंद्राने आपल्या कामाची जी घडी बसविली, ती आपल्याकडील कोणत्याही कॉलेजाने पाहावी अशी आहे. कॉलेज सुरू होण्यापूर्वीच उन्हाळ्यात नव्या विद्यार्थ्यांस दोन आठवडे तेथेच राहावयास बोलवावयाचे, आणि पहिल्या सत्रात येणारे गणित, रसायन व संगणकशास्त्र यांची तोंडओळख करून द्यावयाची. म्हणजे पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकताना विद्यार्थ्यास विषयाची भीती नसते; आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यास पाच-पंचवीस चेहरे ओळखीचे झालेले असतात.

सत्र सुरू झाल्यावर गणित व विज्ञानाच्या अभ्यासबैठका. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन तास. डॉक्टरेटसाठी संशोधन करणारा एखादा थोरला विद्यार्थी सोबत असतो. तो व्याख्यान देत नाही, गटास कामाला लावतो. पुढील वर्षीचे अवघड विषय आधीच पचनी पडावेत म्हणून उन्हाळ्यात चौदा दिवसांची उजळणी. आणि या सर्वांच्या मध्यभागी तीन खोल्यांची एक अभ्यासिका, जिचा वाचनकक्ष रात्रंदिवस उघडा ठेविला गेला. तेथे संगणक होते, शिकवणी होती, विद्यार्थ्यांच्या मंडळांच्या सभाही तेथेच.

या यादीत चमत्कार असा एकही नाही. टेबल, खुर्ची, दिवा, ठरलेली वेळ, आणि विचारावयास कोणीतरी माणूस, एवढेच त्यातले साहित्य आहे. परंतु रात्री अकरा वाजता ज्या विद्यार्थ्यास उदाहरण सुटत नाही, आणि घरी फोन करून जे सांगता येत नाही, त्यास उघडे दार म्हणजे काय असते, हे ज्यांनी ती रात्र काढली आहे त्यांनाच विचारावे.

दुकानदाराचा मुलगा

हे केंद्र ज्या विद्यालयात आहे, त्या विद्यालयास आज हेन्री सॅम्युएली यांचे नाव आहे. केंद्र त्यांनी स्थापिले नाही. ते त्यांच्या देणगीहून सोळा वर्षांनी जुने. परंतु ज्या छपराखाली ते वाढले, त्या छपरास बळकटी देणाऱ्यांत या माजी विद्यार्थ्याचा वाटा फार मोठा आहे.

सॅम्युएली यांचा जन्म १९५४ सालचा. आईवडील पोलंडमधील ज्यू. नाझींनी मांडलेल्या संहारातून जीव वाचवून ती दोघे जवळजवळ रिकाम्या हातांनी अमेरिकेस आली. पुढे कुटुंब लॉस एंजेलिसला गेले आणि तेथे त्यांनी मद्यविक्रीचे लहानसे दुकान चालविले. लहानगा हेन्री दुकानात फळ्यांवर माल लावी, गल्ला सांभाळी.

सातवीत असताना शाळेच्या हस्तव्यवसायाच्या वर्गात मुलांस विजेची साधी उपकरणे करावयास देत. या मुलाने मात्र मोठ्या रेडिओचा संच जोडावयास मागितला. तो त्याला जमेल असे शिक्षकांस वाटेना. तरी त्यांनी संधी दिली. मुलाने एकेक भाग जोडून रेडिओ पुरा केला, वर्गात बटण फिरविले, आणि पहिल्याच वेळी आवाज उमटला. रेडिओ वाजला खरा, पण तो का वाजला हे मात्र त्यास ठाऊक नव्हते. हा रेडिओ चालतो तरी कसा, हे जाणून घ्यावयाचेच, असा ध्यास त्याने त्या दिवशी घेतला, असे ते स्वतः सांगत आले आहेत.

तो ध्यास त्यांस लॉस एंजेलिसच्याच सरकारी विद्यापीठात घेऊन गेला. १९७५ साली पदवी, १९७६ साली पदव्युत्तर पदवी, १९८० साली डॉक्टरेट. सर्व विद्युत् अभियांत्रिकीत, आणि सर्व एकाच ठिकाणी. काही वर्षे कारखान्यात नोकरी करून १९८५ साली ते आपल्याच विद्यालयात प्राध्यापक म्हणून परतले. १९९१ साली हेन्री निकोलस या आपल्या विद्यार्थ्यासह त्यांनी ब्रॉडकॉम ही कंपनी काढली. भांडवल प्रत्येकी पाच हजार डॉलर, आणि आरंभीची कचेरी निकोलस यांच्या राहत्या घरात. केबल टेलिव्हिजनचे डबे, इंटरनेटचे मोडेम, वाय-फाय यांच्या पोटात असणाऱ्या सूक्ष्म चिपा या कंपनीने घडविल्या. आज आपल्या खेडेगावातील घरांतही अशा चिपांवर चालणारी यंत्रे आहेत. २०१६ साली ती कंपनी सुमारे ३७ अब्ज डॉलरांच्या व्यवहारात दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, आणि एकत्र कंपनीने नाव मात्र ब्रॉडकॉम हेच ठेविले.

१९९९ साली सॅम्युएली यांनी आपल्या विद्यालयास ३ कोटी डॉलर दिले, आणि त्याच सुमारास अर्व्हाइन येथील भगिनी विद्यापीठास २ कोटी डॉलर. २०१९ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी सुसान यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यालयास आणखी १० कोटी डॉलर देऊ केले. सांता आना या गावी २०१३ साली सुरू झालेल्या एका शाळेसही या दांपत्याचे साहाय्य लाभले आहे. स्वतःचे घर नसलेली, सरकारी देखरेखीखाली इतरांच्या घरी वाढणारी मुले शिकावीत, हा त्या शाळेच्या स्थापनेतील एक हेतू. २०२५ साली विद्युत् अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने, आय-ट्रिपल-ई हिने, आपले सर्वोच्च सन्मानपदक सॅम्युएली यांस दिले.

आकडे मोठे आहेत, आणि ते वाचून आपल्या मनात येते की ही तर श्रीमंतांची गोष्ट. परंतु आम्हांस यातील लक्षणीय गोष्ट वेगळीच वाटते. हा मनुष्य पैसा होण्यापूर्वीच परत आला होता. कारखान्यातील नोकरी सोडून तो ज्या वर्गात शिकला त्याच वर्गात खडू हाती घेऊन उभा राहिला. धन त्यानंतर आले. आणि त्याच्या हातून हे सारे घडले, याच्या मुळाशी सातवीतल्या एका शिक्षकाने दिलेली संधी आहे. त्या शिक्षकाने एक कोटी दिले नाहीत. शंका असतानाही एक कठीण काम मुलाच्या हाती दिले, एवढेच.

आपण काय करावे?

आपल्या देशात अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा परिचयवर्ग ठरवून दिला आहे. २०२१ पासून मराठीसह काही भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकविण्यासही तिने मुभा दिली. ही पावले स्वागतार्ह होत. तथापि परिचयवर्ग संपतो आणि खरे संकट त्यापुढे येते. गावच्या शाळेतून आलेला मुलगा वर्गात इंग्रजी ऐकतो, अर्धे समजतो, शेजाऱ्यास विचारावयास लाजतो, आणि खोलीवर येऊन एकटाच झगडतो. तेथे त्यास कोण भेटणार?

म्हणून काही साध्या गोष्टी आम्ही सुचवितो. जो विद्यार्थी या वर्षी जात आहे, त्याने पहिल्याच पंधरवड्यात तीन-चार सोबती शोधावेत, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी ठरवून एकत्र बसावे. मात्र क्रम विसरू नये: आधी प्रत्येकाने आपापली उदाहरणे स्वतः सोडवावयाची, मग जमावयाचे. न सोडविता जमलेल्यांचा अभ्यास होत नाही, गप्पा होतात. चुकलेले उत्तर लपवू नये. तेच सर्वांत आधी टेबलावर ठेवावे. प्राध्यापकांकडे जाताना "काही समजले नाही" असे न म्हणता, नेमके कोठे अडले ते कागदावर लिहून न्यावे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून जुन्या प्रश्नपत्रिका मागून घ्याव्यात. मागण्यात कमीपणा नाही.

आईवडिलांस आमची विनंती अशी की, मुलास "मित्रांच्या नादी लागू नकोस" असे सांगताना, अभ्यासाचे मित्र मात्र जरूर कर, हेही सांगावे. एखाद्या विषयात नापास झाल्यास त्या मुलाची बुद्धी संपली असे समजू नये, आणि शेजारपाजारी समजू देऊ नये. बर्कलीतील त्या हुशार मुलांविषयी मोठमोठ्या प्राध्यापकांचा अंदाज चुकला. मग आळीतल्या चर्चेचा चुकावयास काय वेळ लागतो?

आणि शेवटचा शब्द आमच्या गावांतून इंजिनिअर होऊन बाहेर पडलेल्या तरुण मंडळींस. पुणे, बेंगळूर, हैदराबाद, वडोदरे, आखाती देश, सर्वत्र आपण पसरला आहात. धर्मग्रामाच्या सणाला आपण येता, देणगी देता, पाटीवर नाव लागते, तेही योग्यच. परंतु त्या सुट्टीतील एक संध्याकाळ बाजूस काढा. चर्चच्या सभागृहात दोन टेबले आणि एक फळा मांडा, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींस बोलवा. पहिल्या सत्रात आपण कोठे अडखळला होता, ते त्यांस मोकळेपणाने सांगा. दूर असाल तर महिन्यातून एकदा फोनवर तासभर द्या. आपली कोटींची देणगी जेव्हा होईल तेव्हा होवो. हा तास मात्र आजही आपल्या हाती आहे.

येत्या रविवारी शहरात शिकणाऱ्या मुलाचा फोन येईल. जेवलास का, हे आई विचारीलच. वडिलांनी त्यापुढे एक प्रश्न अधिक विचारावा: "बाळा, अभ्यासाला कोणाबरोबर बसतोस?" उत्तर येण्यास विलंब लागला, तर निकालाची वाट न पाहता त्याच आठवड्यात त्याच्याकडे जाऊन यावे.